टवका उडालेला दिवा

मिलिंद,

तू गेलास हे कळलं तेव्हा मी एका गेटचं वेल्डिंग करत होतो. तुझ्या मेव्हण्याचा फोन आला. "दिगंबरदादा, दाजी गेले," म्हणाला. मी "बरं" म्हणालो, फोन खिशात टाकला, तोंडापुढं काच धरली आणि राहिलेला जोड पूर्ण केला. हात कसा हलला नाही, ते मला आजही सांगता येत नाही. मग मशीन बंद केलं आणि तुला फोन लावला. खरंच लावला. तुझा मेव्हणा काहीतरी भलतंच बोलतोय, त्याला काय झालंय बघ, हे मला तुला सांगायचं होतं. रिंग वाजत राहिली. शेवटी सुजातावहिनींनी उचलला आणि त्या काही बोलल्याच नाहीत. मी मात्र "हॅलो मिलिंद, हॅलो" करत राहिलो.

दुकानातच गेलास म्हणे. लग्नाच्या ऑर्डरसाठी लायटिंगच्या झालरी सोडवत बसला होतास. चहा सांगितलास, चहा आला, तर तू शटरला टेकून बसलेला. चहावाल्याला वाटलं, रात्रीच्या कामानं डोळा लागलाय. त्यानं कप शेजारी ठेवला आणि तो गेला. नंतर रिकामा कप न्यायला आला तेव्हा कप भरलेलाच होता.

छातीत दुखतं असं तू कधी बोलला नव्हतास. पित्त म्हणायचास. खिशात गोळी असायची, ती चघळायचास आणि शिडीवर चढायचास. दवाखान्यात तुला पाहिलं तेव्हा शर्टाच्या खिशात चिकटपट्टीचा काळा रोल तसाच होता. मी तो काढून घेतला. का घेतला माहीत नाही. कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला सांगितलं नाही.

आदल्या दिवशी आपण भांडलो होतो. भांडण नवीन नव्हतं. माझ्या शेडमध्ये तू जमवलेल्या जुन्या दिव्यांवरची धूळ पुसत होतास आणि मी आपल्या गावच्या, चकलांब्याच्या दिव्याचा विषय काढला. "मिल्या, तू असाच अडून बसशील," मी म्हणालो, "आणि एक दिवस आबा मरतील, पोरं गोठा पाडतील, दिवा भंगारात जाईल. मग बस बोंबलत."

तू फडकं झटकलंस. "आबा इतक्यात मरत न्हाईत बे. लई चिवट माणूस हाय."

यावर आपण हसलो होतो. त्या हसण्याचं आता काय करू, ते सांग.

ज्यांना आपण दोघं माहीत नाही त्यांच्यासाठी नाही, माझ्याचसाठी हे सगळं एकदा नीट आठवून ठेवतोय. डोकं अजून जागेवर नाही. मधलंच काहीतरी निसटेल अशी भीती वाटते.

आमचं घर गावात, तुमचं ओढ्यापलीकडच्या बौद्ध वस्तीत. शाळा एकच. गावात चावडीला आणि वेशीला दिवे होते, वस्तीला नव्हता. तुझ्या वडिलांनी आणि इतरांनी अर्ज करून करून एक खांब मिळवला. त्यावर तो दिवा आला. लोखंडी नळीचा पुढं झुकलेला बाक, त्याच्या टोकाला तामचिनीची ताटली, बाहेरून हिरवी, आतून दुधासारखी पांढरी, आणि मधोमध बल्ब. आपण दोघांनी पहिल्याच आठवड्यात गलोल मारून तिचा काठाजवळचा टवका उडवला. म्हणजे तू उडवलास, मी नेम सांगितला होता. तुझ्या मायनं तुला बडवलं आणि मला पाणी पाजून घरी पाठवलं.

पुढं तू मोठा झालास, पेपरवाले तुझ्या दिव्यांची बातमी करायला आले, तेव्हा त्यांनी हमखास विचारावं, "मग तुम्ही त्या दिव्याखाली अभ्यास केला असेल!" तू सरळ सांगायचास, "न्हाई ओ. अभ्यास घरात केला. दिव्याखाली आमी पत्ते खेळलो." त्यांचे चेहरे पडायचे. मग तू खरी गोष्ट सांगायचास, ती ते छापायचे नाहीत. संध्याकाळी वस्तीतल्या बाया तिथं गोधड्या शिवायला बसायच्या. दिवसभर दुसऱ्याच्या रानात खपून आलेल्या बाया. घरात चिमणीच्या उजेडात सुई दिसायची नाही. त्या दिव्याखाली त्या पहिल्यांदा एकत्र बसायला लागल्या, आणि तिथंच त्यांनी ठरवलं की यंदाच्या जयंतीला बायांचंही भाषण होणार. तुझी माय बोलली होती. काय बोलली ते तुला आठवत नव्हतं. ती बोलताना वर किडे फिरत होते एवढं आठवत होतं.

मग एका वादळात तो खांब वाकला. आबांची माणसं आली, खांब काढला, दिवा उतरवला आणि घेऊन गेली. आबा म्हणजे माझे थोरले चुलते, तेव्हाचे सरपंच. पुढची कैक वर्षं वस्ती अंधारात राहिली. जयंतीला गॅसबत्त्या भाड्यानं आणाव्या लागायच्या. त्या पेटवायला तू शिकलास आणि तिथून तुझा धंदा सुरू झाला. तू लोकांना हे हसत सांगायचास. मी शेजारी उभा असलो की मला हसता यायचं नाही.

तो दिवा परत दिसला तो आबांच्या नातीच्या लग्नात. तोवर आपण दोघंही बीडला आलो होतो, तुझं मंडप-लायटिंग जोरात होतं, माझं फॅब्रिकेशन. आबांनीच तुला काम दिलं. गोठ्याच्या फाटकावर झालर बांधायला तू शिडीवर चढलास आणि वरच थांबलास. मी खालून ओरडलो, "काय झालं?" तू उतरलास, मला बाजूला नेलंस आणि अगदी हळू म्हणालास, "दिग्या, तो फाटकावरचा दिवा आमचा हाय. टवका तसाच हाय."

मी रागानं लालेलाल झालो. म्हणालो, आत्ताच काढतो. तू माझा हात धरलास. "लग्न हाय घरात. काम अर्धं सोडायचं न्हाई." आणि सगळा गोठा असा उजळवलास की पाहुणे त्याचे फोटो काढत होते. त्या एका दिव्याभोवती मात्र तू झालर गुंडाळली नाहीस. तो मधेच हिरवा, मळका, तसाच होता.

तिथून तुझं दिवे जमवणं सुरू झालं. हवा तो मिळत नव्हता म्हणून तू बाकीचे गोळा करत सुटलास, असं मी एकदा म्हणालो तर तुला राग आला होता. पण मला अजूनही तसंच वाटतं. बीडमध्ये रस्त्यावरचे जुने दिवे उतरून पांढरे एलईडी चढायला लागले तसा तू भंगाराच्या प्रत्येक वखारीत जाऊन बसायला लागलास. मर्क्युरीचे, पिवळ्या सोडियमचे, त्याआधीचे साध्या बल्बचे. निजामाच्या काळातला एक रॉकेलचा कंदील, चारी बाजूंनी काच आणि वर पितळी टोपी, तो तुला नारायणगडाच्या यात्रेत एका मिठाईवाल्याच्या पालात सापडला. त्यानं त्यात उदबत्त्या लावल्या होत्या. दुपारभर तू त्याच्या दुकानासमोरून हलला नाहीस. आपण गडावर दर्शनाला आलोय याची मीच तुला आठवण करून दिली. तू म्हणालास, "तू जा. माझं चाललंय हितं."

लिंबागणेशची ती म्हातारी आठवते? तिच्या अंगणात तामचिनीची मोठी ताटली उलटी ठेवलेली आणि त्यात कोंबड्या पाणी पीत होत्या. तू गुडघ्यावर बसलास. "आजी, हे रस्त्यावरच्या दिव्याचं हाय."

"आसंल," म्हातारी म्हणाली. "माझ्या कोंबड्यांला त्याचं काय?"

तू बीडला येऊन चांगली परात घेतलीस आणि परत गेलास. तिनं परात वाजवून बघितली, कोंबड्यांना दाखवली आणि म्हणाली, "ह्येच्यात पितेत का बगू आदी." कोंबड्या पिईपर्यंत आपण तिथं उभे. ऊन डोक्यावर. मी वैतागलो होतो, तू मात्र कोंबड्यांना "प्या गं बाया" म्हणत विनवण्या करत होतास.

सगळं माझ्या शेडमध्ये येऊन पडायचं. गंजलेले बाक मी सरळ करायचो, तुटलेले जोडायचो. रंग मात्र तू लावू द्यायचा नाहीस. मी एकदा तुला न विचारता एका बाकाला चंदेरी रंग मारला तर तू तो रंग खरवडून काढेपर्यंत माझ्याशी बोलला नाहीस. काचेच्या एका गोळ्यात वाळलेले किडे होते. मी झाडायला गेलो तर म्हणालास, "राहू दे बे. ते बी त्याच जमान्यातले हायत." मी तुला वेडा म्हणालो. आता ते किडे तसेच आहेत आणि त्या गोळ्याला हात लावायची माझी हिंमत होत नाही.

पुण्याचा तो रिसॉर्टवाला आला होता, सगळे दिवे एकदम घेऊन जायला तयार. जेवणाच्या टेबलांवर टांगणार होता. तू त्याला चहा पाजलास, प्रत्येक दिवा कोणत्या चौकातला ते सांगितलंस आणि शेवटी म्हणालास, "रस्त्याची वस्तू हाय साहेब. ज्याला जेवायला परवडतं त्याच्याच डोक्यावर कशी लावू?" तो गेल्यावर मी तुझ्यावर ओरडलो. गंज थांबत नाही, पत्र्यातून पाणी गळतं, आपण दोघं किती दिवस पुरणार? तू म्हणालास, बघू. तुझं सगळ्यावर "बघू" असायचं. दिवे जतन करायचे की परत रस्त्यावर लावायचे, यावरही आपलं कधी ठरलं नाही. मी म्हणायचो सांभाळून ठेवू, तू म्हणायचास एक तरी पेटलेला दिसला पाहिजे.

आणि चकलांब्याच्या दिव्यावर तर कधीच नाही. मी किती वेळा म्हणालो असेन, "एका दिवशी जातो, दोन नट फिरवतो, घेऊन येतो. आबांना कळणार पण न्हाई."

"म्हणूनच नको," तू म्हणायचास. "त्यांनी गुपचूप नेला. तू गुपचूप आणणार. मग झालं काय? त्यांनी त्यांच्या हातानं आणून द्यावा. वस्तीवर. समद्यांसमोर."

"ते येणार न्हाईत."

"मग राहू दे तिथं."

मला तो तुझा ताठा वाटायचा. तसं तोंडावर म्हणालोही होतो.

तुला अग्नी दिला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाना घेतला आणि मोटरसायकलवर चकलांब्याला गेलो. कुणाला सांगितलं नाही. डोक्यात एवढंच होतं, की आता पुरे. गोठ्याला शिडी लावली, चढलो, पहिला नट फिरवला. गंजला होता, पण निघाला. खाली काठीचा आवाज आला.

"कोण हाय वर?"

"मी दिगंबर."

"काय करायलास?"

"दिवा काढायलोय."

आबांना आता नीट दिसत नाही. त्यांनी मान वर केली, उन्हामुळं डोळ्यांवर हात धरला. "मिलिंदनं धाडलं का? त्याला म्हणावं तू ये की. दुसऱ्याला कावून धाडतो?"

"आबा, मिलिंद गेला."

"कुठं गेला?"

मी शिडीवर होतो, हातात पाना. मला ते सांगताच येईना. फोनवर कितीतरी जणांना सांगितलं होतं, पण "कुठं गेला" असं कुणी विचारलं नव्हतं. मी नुसता रडायला लागलो. शिडी हलायला लागली तशी आबांनी ती खालून धरली. म्हाताऱ्या हातांनी, पण घट्ट. तेव्हा त्यांना समजलं.

मी उतरल्यावर ते दावणीच्या कट्ट्यावर बसले. मग ते म्हणाले, "आता आलता की हितं. चार-आठ दिस झाले असतील."

मला माहीतच नव्हतं. मिल्या, तू मला कधी सांगितलं नाहीस. इतकी वर्षं तू मधूनमधून आबांकडं जात होतास!

"दिवा मागायला?" मी विचारलं.

"न्हाई. कदीच मागितला न्हाई. यायचा, च्या प्यायचा, बैलाचं इचारायचा, माज्या डोळ्याचं इचारायचा. जाताना एकदा वर बगायचा. त्या दिशी मीच म्हणलं, ने बाबा तुजा दिवा. तर म्हणला, मी न्हाई नेणार. तुमी आणून द्या. माय हाय तवर द्या."

"मग तुमी काय म्हणालात?"

"काय म्हणणार? मला काय लाज न्हाई का? कोणत्या तोंडानं जाऊ तिकडं?"

मी पुन्हा शिडी चढलो. आबांना वाटलं दिवा काढणार. मी काढलेला नट परत बसवला आणि आवळला. मला खूप राग आला होता, त्यांचा आणि तुझाही. तू मेलास तरी तुझंच ऐकावं लागत होतं. शिडी उचलून ठेवली आणि निघताना एवढंच म्हणालो, "रविवारी वस्तीवर मिलिंदचं पुण्यानुमोदन हाय. दुपारी."

रविवारी लोक खूप आले. बीडहून तुझी दुकानदार मंडळी आली, भंगाराच्या वखारीवाले दोघं आले, लिंबागणेशहून कुणीतरी आलं होतं. वस्तीत बुद्धविहारापुढं सतरंज्या अंथरल्या होत्या. तुझा फोटो ठेवला होता, तोच, शिडीवरचा, तुला न आवडणारा. वंदना झाली. तुझी माय पांढऱ्या लुगड्यात पहिल्या रांगेत बसली होती आणि कुणाकडंच बघत नव्हती. वहिनींनी मला जवळ बसवून घेतलं. मी तुझ्याबद्दल बोलणार होतो. माईक हातात घेतला आणि मला तुझं नावसुद्धा उच्चारता आलं नाही. तो मी खाली ठेवला.

तेवढ्यात ओढ्याकडच्या वाटेनं आबा येताना दिसले. एकटे. एका हातात काठी, दुसऱ्या हातात पोतं. घरातलं कुणी बरोबर आलं नव्हतं. निवडणूक सोडली तर त्यांना त्या वाटेनं येताना मी कधी पाहिलं नव्हतं. माणसं सवयीनं उठून उभी राहिली. तुझी माय उठली नाही.

आबा तिच्यासमोर आले. पोतं सोडायला त्यांना वेळ लागला, गाठ दिसत नव्हती. कुणीतरी पुढं झालं तर त्यांनी हातानंच थांबवलं. दिवा बाहेर काढला. पुसलेला नव्हता, कोळिष्टकं तशीच होती. तो त्यांनी सतरंजीवर ठेवला आणि मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हा वस्तीचा दिवा हाय. मी नेलता."

मायनं ताटली मांडीवर घेतली. काठावरून बोट फिरवत नेलं आणि टवक्यापाशी थांबवलं. मग तिनं मान वर केली. आवाज अजिबात चढलेला नव्हता. एखाद्या दुकानदाराला विचारावं तसं तिनं विचारलं,

"वादळात खांब वाकला तवा तुमी म्हणलात, दुरुस्तीला नेतो. झाला का दुरुस्त?"

आबांनी काठी दोन्ही हातांनी धरली. मला वाटलं, पडतात. ते मग म्हणाले, "न्हाई बाई. म्या काईच केलं न्हाई."

माय त्यांच्याकडं बघत राहिली. "बसा मग," ती म्हणाली. "उन्हाचं आलात."

आबा सतरंजीवर बसले, वस्तीच्या माणसांमध्ये, मांडी घालून. वहिनींनी पाण्याचा तांब्या दिला. ते प्याले. मायनं त्यांना माफ केलं का, मला माहीत नाही. तिनं तसं काही म्हटलं नाही, आणि मीही विचारणार नाही. ती त्यांच्याशी पुढं एक शब्द बोलली नाही. पण दिवा तिनं खालीही ठेवला नाही.

तो शेडमध्ये न्यायचा की वस्तीतच लावायचा, यावर तिथं लगेच बोलाचाली सुरू झाली. तरणी मंडळी लावा म्हणत होती, थोरले म्हणत होते फुटेल, विहारात ठेवू. सगळे माझ्याकडं बघायला लागले, कारण तुझे दिवे माझ्याकडं असतात. मी डावीकडं वळलो. आपण कुठंही गेलो तरी तू माझ्या डाव्या हाताला असायचास, तुला उजव्याच कानानं नीट ऐकू यायचं म्हणून. वळून मी म्हणालोसुद्धा, "बोल बे, काय करायचं?"

वहिनी माझ्याकडं बघत होत्या. सगळी सतरंजी बघत होती. आणि मला त्या क्षणी, मिलिंद, त्या भरदुपारी, एवढ्या माणसांत, पहिल्यांदा कळलं की तू मेला आहेस.